जर्मन विद्यापीठांची वेलकम सेंटर आणि अतिथीगृहं : पाहुण्या संशोधकाच्या कितपत कामाची?

जर्मनीत वर्ष-दोन वर्षांसाठी संशोधनाला जाणाऱ्यांना बहुतेक मोठ्या विद्यापीठांत दोन सोयी मिळतात. एक, कागदपत्रांना मदत करणारं वेलकम सेंटर. दुसरी, फर्निचरसकट खोल्या देणारं अतिथीगृह. दोन्हींचा विचार एकत्रच करावा, कारण तिथे प्रत्येक कामाचं घोडं पत्त्यापाशी अडतं.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट आणि फॉर्म तर हवाच, पण घरमालकाने सही केलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा कागदही हवा. नोव्हेंबर 2015 पासून तो सक्तीचा आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, हॉटेलची पावती तर नाहीच. नोंद झाली की काही आठवड्यांत 11 आकडी करक्रमांक पोस्टाने घरी येतो. हा क्रमांक पगार खात्याकडे पोचला नाही, तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जड दराने, कपात होऊ शकते. जास्त गेलेला कर नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात, डिपॉझिट भरून खिसा रिकामा झालेला असताना, ही ओढाताण नको.

अतिथीगृहाचं मोल इथे कळतं. चांगल्या अतिथीगृहात चावीबरोबरच तो सहीचा कागद हातात पडतो. बाहेर खोली कधी स्वस्त मिळते, पण 'नोंदणी करता येणार नाही' अशी अट असेल तर ती खोली फुकटातही घेऊ नये. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल, असं कोणी सांगत असेल तर ती सरळ फसवणूक समजावी. कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. त्या भाड्यात हीटिंग, पाणी वगैरे धरायचं नाही.

एक बारीक गोष्ट वेलकम सेंटरची माहितीपत्रकंही अनेकदा सांगत नाहीत. तिथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर करक्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, सगळं परत जातं. म्हणून पहिल्याच दिवशी पासपोर्टातल्या स्पेलिंगप्रमाणे आडनावाची पट्टी लावून घ्यावी. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात पहिल्या नावाला जोडलेलं असतं. तेव्हा करार, बँक आणि विमा तिन्हीकडे नाव अगदी तसंच लिहावं.

व्हिसाच्या पुढचा राहण्याचा परवाना परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळतो, आणि तिथली वेळ लवकर मिळवून देणं वेलकम सेंटरच्या हातात नसतं. अर्जाचा फॉर्म तपासून देतात, काही ठिकाणी सोबत माणूसही पाठवतात, तेवढं पुष्कळ आहे. व्हिसा संपण्याआधी अर्ज गेला पाहिजे, हे मात्र आपणच सांभाळायचं. निर्णय लांबला तर 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा तात्पुरता दाखला मिळतो. त्यात कलम 81, पोटकलम 4 या चौकोनावर खूण आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी बघावं. ती असेल तर मधे भारतात येऊन परत जाता येतं.

सल्ल्यातली सगळ्यात कच्ची बाजू आरोग्यविम्याची. नोकरीचा करार असणारा सहसा सरकारी विमा योजनेत जातो आणि हप्त्याचा साधारण निम्मा वाटा विद्यापीठ भरतं. शिष्यवृत्तीवर आलेला मात्र कायद्याने नोकर ठरत नाही. त्याला बहुधा खासगी विमा स्वतः घ्यावा लागतो, आणि व्हिसापुरता काढलेला प्रवास विमा परवान्याच्या वेळी चालत नाही. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये 'करार की शिष्यवृत्ती' हे स्पष्ट लिहून विचारावं. मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं.

खोल्यांची तंगी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते, कारण हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. निमंत्रणपत्र हाती येताच, आपल्याला बोलावणाऱ्या प्राध्यापकांच्या कार्यालयामार्फतच अर्ज टाकावा. भाड्यात वीज, इंटरनेट आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी धरली आहे का, हेही लेखी विचारावं. ही वर्गणी दर घरामागे महिना 18.36 युरो आहे. टीव्ही नाही म्हणून ती सुटत नाही.

स्वयंपाकघराबद्दल दोन गोष्टी. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापणारच नाही. लोहचुंबक बुडाला चिकटतो का ते घरीच बघून, चिकटणारा स्टीलचा कुकर न्यावा. खोलीत धुराचा भोंगा असतो, त्यामुळे फोडणी देताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद. मिक्सरला अडचण नाही, तिथेही 230 व्होल्टच आहेत. फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर लागतो.

दोन्ही सोयी मिळत असतील तर जरूर घ्याव्यात, भाडं थोडं जास्त पडलं तरी. फक्त अतिथीगृहाची मुदत ठरलेली असते आणि वाढवून मिळेलच असं नाही, म्हणून पुढच्या घराचा शोध मुदत संपायच्या तीन महिने आधी सुरू करावा. देश सोडताना पत्ता रद्द करण्याचा अर्ज निघण्याच्या आठवडाभर आधीपासून देता येतो. त्याचा दाखला जपून ठेवावा, बँक खातं आणि विमा बंद करताना तोच मागतात.