जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग? दोन्हीकडे नेमकं काय शिकायला मिळतं

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा, बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरवलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढं माहीत असतं. पुढची चौकशी मात्र फी किती आणि नोकरी कुठे, एवढ्यावरच थांबते. त्या तीन-चार वर्षांत हाताला आणि डोक्याला काय मिळणार, हे फारसं कुणी विचारत नाही. दोन्ही अभ्यासक्रमांच्या मुलांना वॉर्डात शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्हींत फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण कॉलेजला जोडलेलं रुग्णालय कसं आहे, यामुळे पडणारा फरक त्याहून मोठा आहे.

प्रवेशाचं थोडक्यात. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के लागतात. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी हवी, खुल्या वर्गाला ४५ टक्के, शिवाय राज्याची सीईटी. महाराष्ट्रात बी.एस्सी.ची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, जीएनएमची परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. मुलगे दोन्हीकडे जाऊ शकतात. एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स वेगळा आहे. तो फक्त मुलींसाठी असून त्यातून प्रामुख्याने उपकेंद्रावरची आरोग्य सेविका घडते. त्याची तुलना इथे करत नाही.

दोन्हीकडे सारखंच

पहिल्या वर्षी दोन्ही कोर्सच्या मुलींची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. हात धुणं, बेड लावणं, रुग्णाला स्पंज देणं, तापमान-नाडी-श्वास मोजून चार्टवर भरणं. हात धुण्याच्या पायऱ्या लक्षात राहाव्यात म्हणून ‘सुमन-के’ पाठ करून घेतात: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाठ होतात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, वापरलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. ऐकायला साधं वाटतं. पण सुईला परत टोपण लावायचं नाही, ती तशीच डब्यात टाकायची, ही सवय पहिल्या सहा महिन्यांत अंगात भिनली नाही तर पुढे फार जड जाते.

मग येतो सलाईनचा हिशोब. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची आहे आणि नळीच्या सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची २४० मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद थेंब मोजते, दहा-अकरा आले की नळीवरचा रोलर सोडते, थोड्या वेळाने पुन्हा येऊन मोजते. रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून पुन्हा येणं हाही शिकण्याचाच भाग आहे. जीएनएमची मुलगी असो वा बी.एस्सी.ची, ही आकडेमोड आणि ही नजर दोघींनाही यावीच लागते.

फरक कुठे पडतो

आता तीच सलाईन मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला चढते आहे असं समजा. ती भराभर गेली तर पाणी फुप्फुसात साठतं, धाप लागते, हे दोन्हीकडे सांगतात. मात्र बी.एस्सी.ला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पॅथॉलॉजी हे सगळे अभ्यासाचे स्वतंत्र भाग आहेत. औषधशास्त्र आणि पॅथॉलॉजी तर दोन-दोन सेमिस्टर चालतात. जीएनएममध्ये औषधांचा भाग नर्सिंगच्या इतर विषयांतच सामावलेला असतो, आणि शरीरशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र पहिल्या वर्षातच आटोपतं.

याचा परिणाम वॉर्डात कसा दिसतो? पोटॅशियम क्लोराईडचं अँप्युल थेट शिरेत कधीही सोडायचं नाही, ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचं. हा नियम दोघींना पाठ असतो. रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढलं की हृदयाच्या स्नायूचं काय होतं, ईसीजीवर ते कसं दिसतं, हे विचारलं तर बी.एस्सी.च्या मुलीकडून साधारणपणे जास्त नीट उत्तर येतं. तिला हुशारी जास्त असते असं मुळीच नाही. तिला त्या विषयासाठी वेळ दिलेला असतो. डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये काही खटकलं तर ‘सर, हा डोस एकदा बघता का?’ असं विचारायला जे बळ लागतं, ते या ‘का’च्या अभ्यासातून येतं. चौथ्या वर्षाची खरी किंमत मला इथे दिसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या नियमांनुसार बी.एस्सी. आता सेमिस्टर पद्धतीने चालतं. आठ सेमिस्टर, त्यातलं शेवटचं पूर्ण इंटर्नशिपचं: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. याशिवाय संशोधन व संख्याशास्त्र, नर्सिंग व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, न्यायवैद्यक नर्सिंगची ओळख असे विषय आहेत. शेवटचा विषय मला विशेष मोलाचा वाटतो. मारहाण किंवा अत्याचार झालेली बाई कॅज्युअल्टीत आली की तिचे कपडे कसे जपून ठेवायचे, कुणासमोर काय विचारायचं नाही, हे नर्सला माहीत नसेल तर पुरावाही जातो आणि त्या बाईचा विश्वासही.

जीएनएमची बाजू वेगळी आहे. तिथे पुस्तकाच्या मानाने वॉर्डचा वाटा मोठा आहे. संशोधनाची ओळख, वॉर्ड व्यवस्थापन, अध्यापन हे विषय तिसऱ्या वर्षी थोडक्यात होतात. चांगल्या जीएनएम स्कूलची मुलगी पास होऊन बाहेर पडते तेव्हा तीस खाटांच्या वॉर्डात सकाळची औषधं, ड्रेसिंग, राऊंड आणि हँडओव्हर सांभाळताना सहसा गडबडत नाही. नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत ती अनेकदा पदवीधर मुलीच्या पुढेच असते. पुढे हे अंतर भरून निघतं.

प्रसूतीशास्त्र आणि सामाजिक आरोग्य दोन्हीकडे भरपूर आहे. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा तक्ता भरणं, जन्मलेल्या बाळाची स्थिती बघून अपगार स्कोअर देणं, स्वतः केलेल्या प्रसूती केस बुकात लिहून सही घेणं. गृहभेटीला गेल्यावर बॅग जमिनीवर ठेवायची नाही, आधी वर्तमानपत्र अंथरायचं, हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. मनोरुग्णालयाचं पोस्टिंगही दोघींना चुकत नाही. राज्यात ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे जाण्याआधी मुली घाबरलेल्या असतात. एखाद्या रुग्णासमोर गप्प बसून नुसतं ऐकायचं कसं, हे तिथे जेवढं शिकता येतं तेवढं आयसीयूत येत नाही. म्हणून ते पोस्टिंग कागदोपत्री उरकणाऱ्या कॉलेजबद्दल मला मनापासून राग आहे.

पुढची दारं

दोघींचीही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते आणि सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदासाठी दोघीही अर्ज करतात. खासगी रुग्णालयात सुरुवातीला काम तेच असतं, पगारात थोडा फरक असू शकतो.

काही ठिकाणी मात्र पदवीचं वजन स्पष्ट आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदाची नॉरसेट परीक्षा पदवीधर मुलगी अनुभवाशिवाय देऊ शकते; जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी राज्यात आयुर्वेद व युनानी पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना घेतात. एम.एस्सी. करून शिकवायचं असेल तर आधी पदवी हवीच. सैन्यात जायची इच्छा असलेल्या मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा मार्ग बी.एस्सी.चाच आहे. त्याच्या सहा कॉलेजांपैकी दोन आपल्याकडे आहेत, पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचं आणि मुंबईत आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाचं. नीटच्या गुणांवरून निवडयादी निघते, पुढे वेगळी चाचणी आणि मुलाखत असते.

परदेशाचं म्हणाल तर तिथे अडसर भाषेचा असतो. ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ (लेखनात ६.५) किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची इंग्रजीची परीक्षा, आणि त्यानंतर तिथली संगणकावरची व प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीसाठी जर्मन भाषा. ही तयारी शिकत असतानाच सुरू करणाऱ्या मुली पुढे जातात, मग डिप्लोमा असो की पदवी.

जीएनएम घेतलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पदवी मिळते. एकूण पाच वर्षं जातात, पण मधल्या काळात नोकरी करून पैसे साठवणाऱ्या आणि मग शिकायला येणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. वर्गात सर्वांत नेमके प्रश्न त्याच विचारतात.

कॉलेज बघताना

नियमाने कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असायला हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. कागदावर हे सगळ्यांकडे असतं. म्हणून प्रवेशाआधी एका साध्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास त्या रुग्णालयात जा. ओपीडीत रांग आहे का? वॉर्डात माणसं झोपलेली आहेत की नुसत्या धुतलेल्या चादरी? शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा: स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्यात? रात्रपाळी लागते का? रात्री ट्यूटर नसताना अडलं तर कोण सांगतं? मनोरुग्णालयात कुठे आणि किती दिवस गेलात? उत्तर द्यायला मुली अडखळल्या तर इमारत कितीही चकचकीत असो, घाई करू नका.

‘हजेरी लागणार नाही, परीक्षेला या’ असं सांगणारे एजंट गावोगाव फिरतात. सिद्धांत आणि प्रात्यक्षिक दोन्हींना ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे राहिलेले दिवस १०० टक्के भरून काढावे लागतात. हा नियम चुकवून मिळवलेलं प्रमाणपत्र घेऊन कुणीतरी उद्या एखाद्या तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार आहे. असल्या वाटेला कृपा करून जाऊ नका.

मग ठरवायचं कसं? बारावी सायन्सने झाली आहे, सीईटीत बरे गुण आहेत आणि घर चार वर्षं थांबू शकतं, तर बी.एस्सी. घ्या, फार विचार करू नका. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांसाठी जीएनएम हाच रस्ता आहे आणि तो चांगला रस्ता आहे. घरात कमावतं माणूस लवकर हवं असेल तरीही जीएनएम. अवघड प्रश्न एकच: एकीकडे रिकाम्या रुग्णालयाचं खासगी बी.एस्सी. कॉलेज, दुसरीकडे जिल्ह्याच्या सिव्हिलला जोडलेलं जीएनएम. माझ्या भाचीला मी दुसरं घ्यायला सांगेन. सिव्हिलमध्ये सर्पदंश, विषबाधा, अडलेली प्रसूती, भाजलेलं माणूस, सगळं डोळ्यांसमोर येतं. न पाहिलेला रुग्ण नंतर पुस्तकातून पाहता येत नाही. राहिलेली पदवी मात्र पोस्ट बेसिकने घेता येते.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट जरूर तपासा. कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्याने शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. तुमचं कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे प्रवेश फॉर्म भरण्याआधी कार्यालयात विचारा आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा.

आणि प्रवेश कुठेही निश्चित झाला तरी त्याच आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. काही कॉलेजं ती स्वतः देतात, काही देत नाहीत. वॉर्डात पहिली सुई हातात येईपर्यंत निदान दोन डोस झालेले असावेत.