मिकासा व्ही२००डब्ल्यू: नवशिक्यानं घ्यावा का?

टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलेला पिवळा-निळा व्हॉलीबॉल तो हाच. जपानच्या मिकासानं २०१९ मध्ये आणला. १८ पाकळ्या, मायक्रोफायबरचं आवरण, त्यावर बारीक खळगे. वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर. नियमात बसणाऱ्या साध्या बॉलचंही माप एवढंच असतं. मग कैक पट पैसे का मोजायचे? उत्तर हाताच्या कातडीला कळतं, आणि डोळ्यालाही.

अंडरहँड पास घ्या. बॉल लागायला हवा तो मनगटापासून कोपराकडे चार बोटं सोडून, दोन्ही हातांच्या सपाट भागावर. अंगठे शेजारी-शेजारी, कोपर ताठ, आणि उचल गुडघ्यांतून. टणक रबरी बॉल इथे चटका देतो. दोन दिवसांत मुलगा हात आखडायला लागतो, कोपर वाकतं, बॉल मागे उडतो. ही खोड एकदा लागली की सोडवायला फार वेळ जातो. या बॉलचं आवरण मऊ आहे. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून सलग ५० पास केले तरी हात आखडत नाही. शिकणाऱ्यासाठी हा याचा सगळ्यात मोठा गुण.

दुसरा गुण रंगांचा. बूस्ट करताना, म्हणजे सोबत्याला मारण्यासाठी बोटांनी बॉल वर उचलून देताना, तो कपाळाच्या वर वीतभर घ्यायचा, अंगठे आणि तर्जन्या यांच्या त्रिकोणातून तो दिसला पाहिजे, तळहात लागता कामा नये. हातातून सुटलेला बॉल आडवा गरगरत गेला, तर दोन्ही हातांचा जोर सारखा नव्हता. एकरंगी बॉलवर हे चटकन दिसत नाही. इथे पिवळा-निळा मिसळलेला लगेच दिसतो. फ्लोट सर्व्हिसचंही, म्हणजे बॉल न फिरवता मारलेल्या सर्व्हिसचंही, तसंच. तळहाताच्या मनगटाकडच्या टणक भागानं बॉलच्या बरोबर मध्यावर मारून हात तिथेच थांबवला, तर पट्टे जागच्या जागी राहतात आणि बॉल हवेत डगमगतो. पट्टे फिरले म्हणजे फटका बाजूला बसला. कोच शेजारी नसला तरी चूक कळते.

पण हे सगळं हवा बरोबर असेल तरच. दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा, म्हणजे ४.२६ ते ४.६१ पीएसआय. सायकलच्या पंपानं चार दट्टे जास्त बसले की हाच महागडा बॉल दगड होतो. टायरवाल्याच्या मीटरवर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही; बॉलसाठीचा छोटा गेज घ्या. हवा कमी पडली तर बॉल बोटांत बसतो आणि मुलं तो झेलून फेकायला शिकतात. सुई घालण्याआधी ग्लिसरीनचा थेंब लावा, कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते.

आता जिथे हा घेऊ नये ते. मुरमाच्या किंवा लाल मातीच्या मैदानावर आवरण खरवडलं जातं, खळग्यांत धूळ बसते, ओल्या गवतावर मायक्रोफायबर पाणी पितं आणि बॉल जड होतो. आपल्याकडच्या बहुतेक शाळांची मैदानं अशीच असतात. तिथे त्याच वजनाचा, सिंथेटिक आवरणाचा साधा बॉल बरा. हवा मात्र मापात ठेवा. शूटिंग व्हॉलीबॉलच्या बॉलवर पास शिकवू नका, तो खेळ वेगळा आणि बॉलही टणक.

बाजारात नकला भरपूर आहेत. दुकानात वजनकाट्यावर ठेवा, दोरीनं घेर मोजा, मग दोन्ही हातांनी फिरकी देऊन वर उडवा. अस्सल बॉल सरळ फिरतो. हेलकावे खाणारा तिथेच परत द्या. घरी आणल्यावर उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, पाकळ्या चिकटवलेल्या असतात आणि आधी कडांनाच सुटायला लागतात.