शांघायमध्ये लांगहाओ ब्रशच्या नावाखाली झालेली फसवणूक

शाईचित्रांसाठी शांघायहून ब्रश घेणाऱ्या किंवा इथल्या ओळखीच्यांकडून मागवणाऱ्या सगळ्यांनी हे जरूर वाचा. माझे २८० युआन ज्या पद्धतीने गेले, त्याच पद्धतीने उद्या तुमचेही जाऊ शकतात.

मला बांबू रंगवायला लांगहाओ हवा होता. सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा हा ब्रश. बकरीच्या केसांचा यांगहाओ मऊ असतो, पाणी भरपूर धरतो. लांगहाओ ताठ, दाबून उचलला की टोक परत जागेवर येतं. बांबूचं पान एका फटक्यात काढायचं तर हा ताठपणा लागतोच. पर्यटकांच्या बाजारातल्या एका दुकानदाराने जो ब्रश दाखवला, त्याच्या दांड्यावर ‘शानलिएन हूबी’ (हूबी म्हणजे हुझोऊचा ब्रश) असं कोरलेलं होतं. झेजियांग प्रांतातल्या हुझोऊ भागातलं शानलिएन हे ब्रशांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं गाव. हुझोऊचे ब्रश बनवण्याची कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. पण बांबूच्या दांड्यावर अक्षरं काय, कुणीही कोरतं.

दुकानदाराने पाण्याने लिहायच्या कापडावर झरझर पानं काढून दाखवली, पण ती स्वतःच्या वापरातल्या ब्रशने. माझ्या हातात दिला तो टोपण घातलेला, कोरा. ‘भिजवून बघते’ म्हटलं तर म्हणाला, भिजवलेला माल परत घेत नाही. खरी मेख इथेच आहे. नवा ब्रश खळ लावून विकतात, त्यामुळे दुकानात कुठल्याही ब्रशचं टोक छान निमुळतं दिसतं. ते टोक खळीचं असतं. केसांचं टोक खळ सुटल्यावरच कळतं.

घरी कोमट पाण्यात ब्रश हलकेच फिरवला. खळ सुटली तसं पाणी तपकिरी झालं. पाणी बदललं तरी रंग येतच राहिला आणि आतून पांढरे केस दिसायला लागले. शुआन कागदावर, म्हणजे शाईचित्रांच्या चिनी कागदावर, पहिलंच पान काढलं, ब्रश उचलला, तर टोक सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. ते पुन्हा जुळलंच नाही.

आमच्या लाओशींनी, म्हणजे शिक्षकांनी, मधले दोन केस उपटले आणि काडी लावली. खरा केस जळून त्याची चुरडणारी राख होते, वासही केस जळल्याचाच येतो. हे केस वितळले, त्यांचा कडक मणी झाला. आत नायलॉन आणि बाहेरून रंगवलेले बकरीचे केस! नायलॉन मिसळलेला ब्रश सरावाला चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो त्याच नावाने, त्याच्या किमतीला विकावा. मला चीड आली ती नवशिक्या मुलांसाठी. असा ब्रश हातात पडला की ती बिचारी आपल्याच हाताला दोष देत बसतात.

मला पैसे परत मिळाले ते पावतीमुळे. फापियाओवर, म्हणजे इथल्या अधिकृत पावतीवर, मी चिनी अक्षरांत ‘लांगहाओ’ असं स्पष्ट लिहून घेतलं होतं. तेवढं तुम्हीही करा, नुसतं ‘स्टेशनरी’ लिहू देऊ नका. १२३१५ ही इथली ग्राहक तक्रारींची हेल्पलाइन. फसवून माल विकला तर किमतीच्या तिप्पट, आणि ती रक्कम ५०० युआनपेक्षा कमी भरली तर ५०० युआन भरपाई मागता येते, असा चीनचा ग्राहक कायदा आहे. तक्रार नोंदवल्याचं कळताच दुकानदाराने २८० युआन मुकाट्याने परत केले. पण तेच ब्रश त्याच पाटीखाली अजून मांडलेले आहेत, म्हणून तक्रार मी मागे घेतलेली नाही.