नेटवर्कएक्स: ॲड हॉक नेटवर्कच्या अभ्यासासाठी कशी आहे?

टॉवर किंवा राउटरविना एकमेकांशी थेट बोलणाऱ्या उपकरणांचे जाळे, म्हणजेच ॲड हॉक नेटवर्क, कधी अखंड राहते आणि कधी तुटते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी नेटवर्कएक्स ही पायथनची मोफत लायब्ररी वापरतो. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जन्मलेली ही लायब्ररी या कामासाठी मला मनापासून आवडते.

रँडम ग्राफ, म्हणजे नोड (इथे उपकरणे) आणि त्यांच्यातल्या यदृच्छेने ठरलेल्या जोडण्या यांचा आलेख, म्हटले की बहुतेकांना एर्डॉश-रेन्यी प्रारूप आठवते. त्यात कोणतेही दोन नोड सारख्याच संभाव्यतेने जोडले जातात. रेडिओच्या बाबतीत मात्र अंतराला महत्त्व असते आणि शेजाऱ्याचा शेजारी बहुधा आपल्याही टप्प्यात (संदेश पोहोचेल इतक्या अंतरात) असतो. म्हणून संशोधक गिल्बर्ट यांनी १९६१ मध्ये मांडलेला भौमितिक आलेख, ज्यात ठरावीक त्रिज्येच्या आतले नोडच जोडले जातात, इथे योग्य ठरतो, आणि नेटवर्कएक्समध्ये तो एका ओळीत तयार होतो. नोडमागे सरासरी सहा जोडण्या धरून ५०० नोडांचे दोन्ही आलेख काढले, तर समूहन गुणांक (एका नोडचे शेजारी आपसातही जोडलेले असण्याचे प्रमाण) एर्डॉश-रेन्यीत ०.०१२ च्या आसपास येतो, तर भौमितिक आलेखात तो ०.५९ च्या आसपास असतो. वर्गात हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

एका बाबतीत सावध राहावे लागते. संशोधक गुप्ता आणि कुमार यांनी १९९८ मध्ये दाखवले की जाळे अखंड राहण्यासाठी प्रत्येक नोडच्या टप्प्यात सरासरी किती नोड हवेत याचा उंबरठा एकूण नोडसंख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका असतो. एकक चौरसातल्या (बाजू १) ५०० नोडांसाठी त्यावरून टप्प्याची त्रिज्या ०.०६३ येते. तेवढीच त्रिज्या देऊन मी आलेख काढत गेलो, तेव्हा तो बहुतेक वेळा तुटलेलाच निघाला आणि एकटे पडलेले नोड बरेचदा चौरसाच्या कडेला सापडले, कारण तिथे टप्प्याचे अर्धे वर्तुळ मोकळ्या जागेत जाते. कडा एकमेकींना जोडून हा परिणाम टाळण्याची सोय भौमितिक आलेख काढणाऱ्या फंक्शनमध्ये नाही. ती असायला हवी होती.

टप्प्यातली जोडणीही अंतरानुसार संभाव्यतेने ठरवणारे स्वतंत्र फंक्शन आहे, ते जरूर वापरून पाहावे. नोड हलते ठेवायचे असतील, तर दर क्षणाची स्थाने आपणच मोजून द्यावी लागतात. लहरींचा परस्पर व्यत्यय तर या प्रारूपाच्या कक्षेतच येत नाही, त्यासाठी वेगळा सिम्युलेटर लागतो. मोठ्या आलेखांसाठी सोबत सायपाय ही पायथनची गणिती लायब्ररी बसवून घ्यावी. ती नसली की प्रत्येक जोडी तपासली जाते आणि काम रेंगाळते.