बसलेला आवाज आणि नीट समजावून सांगणारा दवाखाना

आमच्या सात वर्षांच्या मुलाला सर्दी झाली होती आणि तशातच शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत घोषणा देऊन त्याचा आवाज पार बसला. गावाकडच्या एका दवाखान्यात घसा न पाहताच अँटिबायोटिक लिहून मिळाले. ते सुरू करण्याआधी आम्ही त्याला बेळगावात टिळकवाडीतील एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी घसा तपासला, छाती ऐकली आणि कागदावर स्वरयंत्र काढून दाखवले. सर्दीच्या विषाणूमुळे स्वरतंतूंना सूज आली की ते नीट कंप पावत नाहीत, म्हणून आवाज घोगरा होतो किंवा उमटतच नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नसल्याने ते देण्याचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो, तेव्हा बोलायचेच झाल्यास हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पातेल्यावर वाकवून वाफ देण्याची आमच्या घरची सवय त्यांनी भाजण्याच्या धोक्यामुळे बंद करायला लावली. कोमट पाणी वरचेवर द्यावे, मध चालेल, मात्र एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये, असेही सांगितले.

घरात दीड वर्षाची धाकटी आहे, म्हणून मी तिच्याविषयीही विचारले. लहान मुलांची श्वासनलिका इतकी अरुंद असते की थोड्याशा सुजेनेही श्वास अडू शकतो. रात्री भुंकल्यासारखा खोकला येऊ लागला तर सावध राहावे, आणि शांत बसले असतानाही श्वास घेताना घरघर येत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, लाळ गिळता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला तर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहावे लागते. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठीही होतात. मुलाचा आवाज सहाव्या दिवशी परतला.

नंबर लावूनही अडीच तास थांबावे लागले, हे तापलेल्या मुलाला घेऊन बसलेल्यांसाठी फार झाले. कर्मचारी मराठीत आपुलकीने बोलतात, परंतु सूचनांचा छापील कागद फक्त कन्नड आणि इंग्रजीत आहे. आम्ही दोघे कामावर असताना मुलांजवळ त्यांची आजी असते आणि तिला मराठीच वाचता येते, त्यामुळे धोक्याची लक्षणे तरी मराठीत छापावीत, अशी विनंती मी तेथे लेखी देऊन आले आहे.