आठ महिने, एकतीस भोकं आणि चकची चावी

परवा कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) बदलले आणि ड्रिल पुन्हा फिरायला लागलं, म्हणून लिहायला बसलो. १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल, २,३०० रुपये. वॉट वगैरे खोक्यावर वाचा. घेण्याचं कारण एवढंच की आमच्याकडचा इलेक्ट्रिशियन एका भोकाचे शंभर घेतो.

पहिल्याच दिवशी शिव्या घातल्या. आमचा फ्लॅट मायव्हनचा, भिंतीत वीट औषधालासुद्धा नाही, सगळं काँक्रीट. अर्धा तास खांदा लावून दाबलं, ६ मिमीचा बिट निळा पडला, भिंतीवर नुसता खळगा. परत करायलाच निघालो होतो. शेजाऱ्यांकडे आलेल्या सुताराने बघितलं आणि म्हणाला, "काका, रिव्हर्सवर आहे." तर त्या दिवसाच्या शिव्या मागे. सुलट फिरवल्यावर गिट्टीची (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या नळीची) भोकं नीट पडतात. गीझरच्या फास्टनरला, म्हणजे जाड बोल्टला, १० मिमी लागतं, तिथे मात्र हे दमतं. यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात, म्हणजे जोर आपलाच. रोटरी हॅमर या मोठ्या ड्रिलमध्ये आतला दट्ट्या हवेच्या दाबाने ठोकतो. तो एक दिवस ३०० रुपये भाड्याने आणला आणि मोकळा झालो.

आता चावी. चक म्हणजे बिट पकडणारा जबडा; तो आवळायची चावी प्लगजवळ वायरला अडकवायला एक रबर दिलंय. दुसऱ्या आठवड्यात तुटलं. मग चावी हरवली. हार्डवेअरवाल्याने दिलेली बसेना, कारण ती १० मिमीच्या चकची, दाते वेगळे. पुण्याच्या बोहरी आळीत ८० रुपयांना बरोबर मिळाली. एवढं मोठं यंत्र विकता आणि दोन रुपयांच्या रबरात काटकसर?

ही चावी मी लेंग्याच्या नाडीने मुठीजवळ बांधली. सोयीचं वाटलं. एकदा ती चकमध्येच राहिली आणि मी बटण दाबलं. नाडी तुटली, चावी थेट बेसिनच्या आरशावर. आरसा ३४० रुपये. डोळ्यांवर १२० चा गॉगल होता, त्याचं मोल तेव्हा कळलं. चावी प्लगजवळ का बांधतात तेही कळलं: ती चकला लावायची तर प्लग काढावाच लागतो. रबर भिकार, पण जागा बरोबर होती.

गॉगलवर वाफ धरते, कारण खाली एन-९५ असतो. तो काढू नका. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते. भोकाखाली जुनं कागदी पाकीट उघडं करून चिकटवलं की निम्मी धूळ त्यातच पडते, आणि सौ.ची बोलणीही निम्मी होतात. टाइलवर ड्रिलचे ठोके (हॅमरचं बटण) बंद ठेवून सुरुवात करायची. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत अजिबात नाही, तिथून वायरी जातात.

सातव्या महिन्यात ड्रिल ठिणग्या टाकायला लागलं, मग बंदच. सर्व्हिस सेंटरवाला न उघडताच म्हणाला, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं, १,१५० होतील. मी म्हटलं, आधी ब्रश बघा. तो म्हणे, नुसते ब्रश आम्ही बदलत नाही. पिशवीत घालून परत आणलं. ब्रशची जोडी साठ रुपये, दोन स्क्रू, दहा मिनिटं.

काल हिशेब मांडला. एकतीस भोकांचे ३,१०० वाचले, खर्च ३,२०० झाला. त्यामुळे आज दाराआड झाडू टांगायला एक भोक पाडतोय.