वेळ नसलेल्या ख्रिस्ती आईने आधी 'स्मृतिचित्रे' वाचावं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांच्या हातात बहुतेक वेळा इंग्रजी किंवा इंग्रजीतून मराठीत आलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्या असतात. कुठलं तरी दूरचं शेतघर, बर्फ, विश्वास गमावलेली नायिका आणि शेवटच्या प्रकरणात मिळालेलं प्रार्थनेचं उत्तर. मीही त्या वाचते, काही खरंच आवडतात. पण नाशकात राहून नोकरी, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं आणि रविवारच्या शाळेचा धडा यातून वेळ काढणाऱ्या बाईने मला विचारलं, तर मी आधी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तिच्या हातात देईन. ते आत्मचरित्र आहे, पण कादंबरीच्या ओढीने उघडलं तरी निराशा होत नाही.

पहिलं कारण अगदी व्यवहारातलं. हे लेखन आधी क्रमशः छापून आलं आणि मग १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत पुस्तक झालं. त्यामुळे एकेक प्रसंग आटोपशीर आहे. कॉलेज रोडला मुलीच्या क्लासबाहेर थांबले की एक होतो, नाशिकरोडच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की दुसरा. मध्ये आठवडा गेला तरी धागा सुटत नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. वाक्यं बोलल्यासारखी आहेत, म्हणून मोठ्याने वाचायला फार गोड. माझी मुलगी मराठी पुस्तक म्हटलं की तोंड फिरवते, पण छोट्या मनूच्या, म्हणजे लहानपणच्या लक्ष्मीबाईंच्या, घरातल्या गमती ऐकताना 'पुढे?' म्हणून मागे लागली.

ही मनू आपल्याच भागातली. गोदावरीकाठच्या जलालपुरात १८६८ साली तिचा जन्म झाला. १८५७ नंतरच्या धरपकडीत तिच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. त्या सोवळ्यापायी घरातल्या बायका-पोरांचे किती हाल झाले, ते लक्ष्मीबाई अशा सांगतात की हसू येतं आणि पुढच्याच ओळीला वडिलांची कणव वाटते. वडिलांना त्या कुठेही खलनायक करत नाहीत. हा स्वभाव पुस्तकभर टिकतो, आणि मला तो फार ख्रिस्ती वाटतो, बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

मग लग्न, वयाच्या अकराव्या वर्षी. नवरा नारायण वामन टिळक. त्यांची गीतं आपण उपासनेत म्हणतो, पण त्या गीतांमागचा माणूस मला या पुस्तकातच भेटला: तापट, उदार, खिशातला शेवटचा पैसा भिकाऱ्याला देऊन घरी येणारा, मनात आलं की उठून निघून जाणारा. लक्ष्मीबाई त्यांना सगळीकडे नुसतं 'टिळक' म्हणतात. भांडणं लपवत नाहीत, प्रेमही लपवत नाहीत. आदर्श ख्रिस्ती पत्नी कशी असावी हे शिकवणारी पुस्तकं मी बरीच वाचली आहेत, आणि कामावरून थकून आल्यावर ती वाचली की अंगावर आणखी एक काम पडल्यासारखं वाटतं. इथली बाई चिडते, रडते, अडून बसते, आणि देव तिला त्याच अवस्थेत भेटतो.

पुस्तकाचा गाभा आहे १८९५चा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. टिळक एकीकडे, लक्ष्मीबाई आणि त्यांचा छोटा मुलगा दत्तू दुसरीकडे, मध्ये नातेवाईक, समाज आणि लोकांचं बोलणं. ही वर्षं त्या घाईने उरकत नाहीत. कादंबऱ्यांमध्ये मनपरिवर्तन एका प्रार्थनेत होतं. इथे बाई वर्षानुवर्षं स्वतःशी झगडते. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती विश्वास ठेवत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःला विचारते, त्याचं उत्तर स्वतः शोधते, आणि सोवळं बाप्तिस्म्याच्या आधीच सोडून देते. १९०० साली ती ख्रिस्ती होते तेव्हा तो निर्णय पूर्णपणे तिचा असतो. माझा नवरा मंडळीत फारसा येत नाही आणि मी त्यावरून पूर्वी रोज कुढायची. या भागाने मला धीर धरायला जितकं शिकवलं, तितकं कुठल्याही प्रेरणादायी पुस्तकाने शिकवलं नाही.

पुढे दुष्काळातली अनाथ मुलं घरात येतात, नगरच्या प्लेगमध्ये ही बाई रोग्यांची सेवा करते, बालकवी ठोंबरे घरातलेच होऊन राहतात. बालकवींवरची पानं सावकाश वाचा.

उणिवा आहेत. माणसांची नावं भराभर येतात आणि कोण कोणाचं हे लक्षात राहत नाही. मी पुस्तकाच्या मागे पेन्सिलने नातेसंबंध लिहून ठेवलेत. काळ मागे-पुढे होतो. टिळक गेल्यानंतरचा, कराचीपर्यंत जाणारा शेवटचा भाग मला आधीइतका धरून ठेवत नाही. लक्ष्मीबाई १९३६ साली नाशकातच वारल्या आणि कहाणी पूर्ण करायचं त्यांच्याकडून राहून गेलं. संक्षिप्त आवृत्तीही आहे, पण पूर्णच घ्या. यातली गंमत बारीकसारीक प्रसंगांत आहे आणि काटछाटीत नेमके तेच जातात.

कादंबरीच हवी असेल त्यांच्यासाठी बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आहे, १८५७चं, मराठीतली पहिली कादंबरी, आणि तीही एका ख्रिस्ती माणसाने विधवांच्या दुःखावर लिहिलेली. आपल्या मुलांना हे माहीत असलंच पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. पण त्यातले संवाद लांब, भाषा जुनी. तुकड्यांत वाचलं की हातून निसटतं. ते मी दिवाळीच्या सुट्टीत, मुलं मामाकडे गेल्यावर वाचलं.

'स्मृतिचित्रे' मी आधी सार्वजनिक वाचनालयातून आणलं होतं, नंतर स्वतःची प्रत घेतली, कारण परत करवेना. आता महिला मंडळात दर बैठकीला त्यातला एक प्रसंग मोठ्याने वाचायचं ठरलंय. पुढची पाळी माझी आहे आणि मी दुष्काळातल्या मुलांचा भाग निवडलाय.